आतला खटका

माझे मेहकरचे घरमालक या जगात फक्त डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टींवर विश्वास ठेवत, आणि तोही दोनदा हात लावून पाहिल्याशिवाय नाही. देवावर त्यांचा विश्वास होता, कारण त्यांच्या मते मूर्ती दिसते. वाऱ्यावरही होता, कारण झाड हलतं. पण जिचं काम आतल्या आत चालतं आणि बाहेरून काही कळत नाही, अशी कुठलीही वस्तू त्यांच्या लेखी आरोपी होती आणि ती निर्दोष सुटल्याचं निदान माझ्या पाहण्यात तरी नाही. नवं मराठी राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. मी साताऱ्याकडचा, मेहकरच्या एका शाळेत गणित आणि विज्ञान शिकवायला येऊन पडलो होतो, आणि त्यांच्या घराच्या पुढच्या दोन खोल्या मला भाड्याने मिळाल्या होत्या. भाडेकरूही आतून कसा आहे हे बाहेरून दिसत नाही, म्हणून पहिले पंधरा दिवस ते रोज सकाळी माझ्या खोलीत येऊन समोरच्या खुर्चीवर बसत आणि माझ्याकडे नुसते पाहत. सोळाव्या दिवशी म्हणाले, "मास्तर, माणूस बरा दिसून राह्यला तुमी. पण घाई नाई आपल्याले."

गावाला जाताना ते घराला कुलूप लावत आणि मग दोन्ही हातांनी त्याला लोंबकळत. नव्वद-शंभर किलोचा माणूस पाय उचलून कुलपाला लटकलेला मी प्रथम पाहिला तेव्हा मला वाटलं, यांना काही झालं. काही झालं नव्हतं, कुलपाची परीक्षा चालली होती. पुढे गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन ते परत येत आणि पुन्हा लटकत, कारण पहिल्या लटकण्याने कुलूप ढिलं झालं असण्याची शक्यता होती. एसटीत चढण्यापूर्वी ते ड्रायव्हरला एक डाव ब्रेक दाबून दाखवायला सांगत. बस उभीच असायची, त्यामुळे ब्रेक दाबल्याने दिसण्यासारखं काही घडत नसे; तरी ड्रायव्हर बिचारे दाबत. एका डॉक्टरांनी त्यांना नव्या पद्धतीच्या औषधाच्या रंगीत कॅप्सूल दिल्या, तर त्यांनी त्या एकेक उघडून आतली पूड वर्तमानपत्रावर पसरली, भिंगातून पाहिली आणि औषध परत केलं. त्यांच्या पुतण्याने मुंबईहून थर्मास आणला. त्यात चहा आठ तास गरम राहतो म्हणाला. मालकांनी सकाळी चहा भरला आणि दर पाव तासाने बूच काढून आत बोट घालून पाहिलं. दुपारी चहा गार झाला. "झूट हाय," ते म्हणाले, आणि थर्मास वऱ्हांड्यातल्या खुंटीला कायमचा टांगला गेला.

या माणसाच्या घरात एकाच व्यक्तीचा कारभार बिनतपासणीचा होता, आणि ती म्हणजे त्यांची बायको. मी त्यांना काकू म्हणे. त्या घरात 'जोखीम' हा शब्द जुन्या अर्थाने चाले. दागिना, शेताचे कागद, किल्ल्या, जपून ठेवण्यासारखं जे जे काही ते सगळं जोखीम. घरात अशी कुठलीही वस्तू आली की मालक ती आधी काकूंच्या हातात देत, काकू तिला हळदकुंकू लावत आणि आतल्या खोलीतल्या कपाटात ठेवत. मालक बाहेरून आले की दिवेलागणीला काकू दारात उभ्या राहून हात पुढे करत. "द्या जोखीम." मग मालक खिशातलं घड्याळ, पाकीट, किल्ल्यांचा जुडगा त्यांच्या हातावर ठेवत. पस्तीस वर्षं हे चाललं होतं. कपाट बंद केल्यावर ते त्याला कधी लटकले नाहीत. कुलूप काकूंनी लावलेलं असे.

आता त्या पिस्तुलाचं सांगतो. मालकांचं शेत दुसरबीडच्या वाटेवर होतं आणि तिथे रानडुकरांनी भुईमुगात उच्छाद मांडला होता. म्हणून त्यांना बंदुकीचा परवाना हवा होता. अर्ज लिहायला त्यांनी जो अर्जनवीस धरला, तो आयुष्यभर उर्दू वळणाची कागदपत्रं लिहिलेला. पण राज्य मराठी झाल्यापासून त्याला शुद्ध भाषेचं वारं लागलं होतं. मालकांनी सांगितलं, "लिवा, डुकराईसाठी हाताशी एक बंदूक पाह्यजे." अर्जनविसाला 'हाताशी एक बंदूक' हे फार ऐसपैस वाटलं. त्याने ते आवळून 'एक हातबंदूक' केलं, आणि हातबंदूक म्हणजे काय असा प्रश्न वाचणाऱ्याला पडू नये म्हणून पुढे खुलासा केला, 'अर्थात पिस्तूल'. चौकशा झाल्या, जबाब झाले, मालकांच्या चारित्र्याची गावभर विचारपूस झाली. चार वर्षांनी परवाना आला तो पिस्तुलाचा. मालकांनी तो उलटा धरून पाहिला, सुलटा धरून पाहिला. परत करावा तर पुन्हा चार वर्षं. डुकरं तोवर थांबणार नव्हती, पण तशी ती पिस्तुलालाही भिणार नव्हती. "सरकारनं देलं तं घ्या लागते," असं म्हणून ते मला घेऊन अकोल्याला गेले. मला अशासाठी की मी सायन्सचा मास्तर.

अकोल्याचा दुकानदार म्हातारा आणि मोठा अदबशीर होता. त्याने मखमलीवर एक कोरं पिस्तूल ठेवलं. मालकांनी ते सगळीकडून पाहिलं आणि विचारलं, "याचा खटका कुठी हाय? बंद कराचा?"

"मालिक, इसका खटका अंदर है," दुकानदार म्हणाला. "ऊपर कुछ नहीं. जब तक चाप पूरा नहीं दबाओगे, घोडा काडतूस तक पहुँचेगाच नहीं. हाथ से गिर जाए, तो भी कुछ नहीं होनेका."

"अंदर है, हे दिसन कसं?"

"दिखता नहीं, मालिक. अंदर है ना."

दुकानदाराला कल्पना नव्हती की आपण कोणाला काय बोलून बसलो. मी मालकांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि मनात म्हटलं, आता हे उठणार. पण ते उठले नाहीत. त्यांनी फक्त शेवटचं वाक्य पुन्हा म्हणायला लावलं. "हातातून पडलं तरी?" दुकानदार म्हणाला, "गिर जाए तो भी." आणि मालकांनी पिस्तूल घेतलं. जन्मात पहिल्यांदा त्यांनी न दिसणारी गोष्ट विकत घेतली, आणि मला त्याचं कारण कळलं नाही. वाटलं, वय झालं.

घरी आलो तेव्हा दिवेलागण झाली होती. काकू दारात होत्या. मालकांनी काडतुसं भरलेल्या पिस्तुलासकट जड झालेला कोट काढून त्यांच्या हातात दिला, आणि पुढच्याच क्षणी विस्तव दिल्यासारखा परत ओढून घेतला. काकूंनी हात पुढे केला. "द्या ना जोखीम."

"राहू दे. अजून तपास चालू हाय."

काकूंचा हात थोडा वेळ तसाच राहिला. मग त्यांनी तो पदराखाली घेतला. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. पस्तीस वर्षांत प्रथमच घरातली एक जोखीम काकूंच्या कपाटाबाहेर होती, मालकांच्या कमरेला. ते ती कमरेला बांधून जेवत, कमरेला बांधून पेपर वाचत आणि पोटात कळ आल्यासारखे अवघडून चालत. गावात बातमी पसरली की मालकांनी पिस्तूल घेतलं आणि ते भलतेच कडक झाले. कडक नव्हते झाले, त्यांना वाकता येत नव्हतं.

तपास मात्र कसून चालला. पिस्तुलाबरोबर एक परदेशी भाषेतला कागद होता, त्यात आतल्या भागांचं चित्र होतं. ते मी खडूने फळ्यावर मोठं करून काढलं आणि मालकांना एकट्याला बाकावर बसवून तासभर समजावून दिलं. इतकं लक्ष देऊन ऐकणारा विद्यार्थी मला पुन्हा मिळाला नाही. शेवटी ते म्हणाले, "चित्र चांगलं काढलं तुमी. पण हे चित्रातलं झालं." मग आम्ही स्टँडजवळच्या घड्याळजीकडे गेलो. त्याने काडतुसं बाहेर काढायला लावली, डोळ्याला भिंग लावलं, पिस्तुलाचं पोट उघडलं आणि सांगितलं, "ये देखो. लोखंडाची एक बारीक जीभ आहे. घोडा आणि काडतूस, दोघांच्या मधे येते. चाप ओढला की बाजूला होते."

"जीभ?" मालक म्हणाले. "जिभेवर कोण भरोसा ठेवते बे?"

तरी जीभ त्यांनी डोळ्यांनी पाहिली होती, त्यामुळे खटला जरा पुढे सरकला. मग पलटणीतून निवृत्त झालेल्या एका हवालदाराकडून त्यांनी एक काडतूस तयार करून घेतलं. त्यातलं शिसं आणि दारू काढलेली, मागची टिकली तेवढी ठेवलेली. म्हणजे सुटलंच तर दिवाळीतल्या टिकलीएवढा आवाज व्हावा. ते घालून शेतात अख्खी सकाळ आम्ही ते पिस्तूल खाली टाकत होतो. कमरेइतक्या उंचीवरून, खांद्यावरून, बैलगाडीवरून; मातीवर, धोंड्यावर, विहिरीच्या काठावर. मी टाकायचं, मालकांनी कान देऊन ऐकायचं. एकदाही आवाज झाला नाही. शेजारच्या शेतातले चार-पाच जण काम टाकून बांधावर येऊन बसले होते. त्यांना काय वाटलं असेल ते असो, पण कोणी विचारलं नाही. मालकांना सगळे ओळखत होते. ऊन वर आलं तसा मी कावलो. म्हटलं, "आता तरी पटलं ना? शंभर वेळा पाडलं असेल."

"पाडलं नाई मास्तर, टाकलं," ते म्हणाले. "टाकणं येगळं आन् पडणं येगळं. टाकणाऱ्याले माहीत असते. ज्याच्या हातून पडते त्याले माहीत नसते. त्याच्या हातून कसं पडन, हे तुमाले-मले कसं कळन?"

मी वैतागून काहीतरी बोलणार होतो, तेवढ्यात माझं डोकं जागेवर आलं. गेल्या वर्षापासून त्या घरात चहा पितळी पेल्यात मिळायला लागला होता. चिनीमातीत चहाची चव बिघडते, असं मालकांनी एके दिवशी जाहीर केलं होतं आणि कपबशा उचलून माळ्यावर टाकल्या होत्या. माझे ओठ रोज भाजत आणि मी मनातल्या मनात त्यांना रोज शिव्या देई. त्याच्या आधी महिनाभर रोज एखादा कप फुटल्याचा आवाज येत असे, हे मला आत्ता आठवलं. काकूंचे हात थरथरत होते. हातातल्या वस्तू त्यांना न विचारता पडत होत्या. त्या हात पदराखाली घेत, आणि मालक जे दिसतं त्यावरच विश्वास ठेवणारे असूनही ते दिसत नसल्यासारखे वागत. पिस्तूल काकूंच्या हातात द्यावं, तर ते पडणार. न द्यावं, तर काकूंना कळणार की आपले हात यांनी पाहिले, आणि आता घरातली जोखीम आपल्याकडे राहिली नाही. साताऱ्याच्या या शहाण्या मास्तरला हे कळायला शंभरदा पिस्तूल टाकावं लागलं. मला स्वतःची लाज वाटली, आणि त्या अवघडून चालणाऱ्या माणसाबद्दल इतकी माया दाटून आली की मी आणखी दहा वेळा पिस्तूल टाकलं.

खंडेनवमीला मात्र तपास संपवणं भाग होतं. त्या दिवशी घरातली सगळी हत्यारं पाटावर मांडून काकू त्यांची पूजा करत. विळे, खुरपी, वखराची पास, तराजू, सगळं मांडून झालं होतं. माझी कंपासपेटीसुद्धा मागून नेली होती. पिस्तूल तेवढं बाकी होतं. सकाळी मालक माझ्या खोलीत आले, दार लोटलं, पिस्तुलातली काडतुसं काढली आणि माझ्या खडूच्या पेटीत टाकली.

"आतला खटका चांगला हाय, मास्तर. मले मान्य हाय."

"मग काढता कशाला?"

"मान्य हाय. इस्वास नाई."

"मग काकूंना सांगा ना, रिकामं आहे म्हणून."

त्यांनी माझ्याकडे त्या पहिल्या पंधरा दिवसांसारखं पाहिलं. "रिकामं सांगतलं, तं त्यात जोखीम काय राह्यली?"

आतल्या खोलीत काकू हात धुऊन उभ्या होत्या. मालकांनी कमरेचं पिस्तूल सोडलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "घे वो. भरलेलं हाय. जपून."

काकूंनी हात पदराला पुसले आणि दोन्ही हातांनी ते घेतलं. पाट चार पावलांवर होता. तिसऱ्या पावलाला ते त्यांच्या हातून सुटलं आणि शहाबादी फरशीवर दाणकन पडलं. काडतुसं माझ्या खडूच्या पेटीत आहेत हे मला पक्कं ठाऊक होतं, तरी मी दारापर्यंत उडालो. मालक जागचे हलले नाहीत. त्यांनी दोन्ही हात मागे बांधले होते. काकू खाली वाकल्या, दोनदा निसटलं, तिसऱ्यांदा त्यांनी ते उचललं आणि पाटावर ठेवलं. तेवढा वेळ मालक छताकडे बघत होते. मग मोठ्याने म्हणाले, "पाह्यलं मास्तर? पडलं तरी सुटलं नाई! खटका पक्का हाय. कंपनी इमानदार हाय!" एखाद्या कंपनीला त्यांनी दिलेलं हे आयुष्यातलं एकमेव प्रशस्तिपत्र, आणि ते साफ खोटं होतं.

त्या दिवसापासून ती जोखीम कपाटात जाऊ लागली. मालक सकाळी बाहेर निघताना पिस्तूल मागून घेत आणि दिवेलागणीला परत देत. "भरलेलं हाय. जपून." काकू "हाव" म्हणत आणि दोन्ही हातांनी घेत. कधी पडे, कधी पडत नसे. पडलं की मालक कंपनीचं कौतुक करत.

दिवाळीच्या आधी एका दुपारी काकू भुईमुगाच्या शेंगा फोडत बसल्या होत्या. मी चहाचा तापलेला पेला धोतराच्या सोग्याने धरून समोर बसलो होतो. मान वर न करता त्या म्हणाल्या, "मास्तर, तुमच्या खडूच्या पेटीले कुलूप लावत जा. लेकरं येतात तुमच्याकडे शिकाले."

माझ्या घोटाचा ठसका झाला. "तुम्हाला कसं कळलं?"

"अकोल्याहून आणलं त्या दिशी कोटासंगं घडीभर माह्या हातात व्हतं. कोटाचं वजन मले पाठ हाय, नवमीले हलकं लागलं. आन् त्या सकाळी तुमच्या खडूच्या पेटीत पडलं, ते खडूवानी वाजलं नाई." त्यांनी एक शेंग फोडली, दाणे सुपात पडायच्या ऐवजी बाहेर सांडले, ते त्यांनी एकेक करून वेचले. "हात थरथरते मास्तर. वजन कळते अजून."

"आणि मग ते पडलं, ते?"

"ते खरंच पडलं." पुढची शेंग उचलून त्या म्हणाल्या, "त्याईनं उचलाले हात नाई पुढं केला. पाह्यलं का तुमी?"

पाहिलं होतं, असं मी म्हणालो.

"कोणीबी केला असता. मंग मी कायची जोखीम ठेवणार व्हती?" त्यांनी सूप पुढे ओढलं. "तुमी सांगू नोका त्याईले, मले माहीत हाय म्हून. लय दिसाईनं त्याईचा कायच्यातरी इस्वास बसून राह्यला."

मी कोणाला सांगितलं नाही. त्यानंतर आणखी दोन वर्षं मी त्या घरात राहिलो आणि रोज दिवेलागणीला एक माणूस रिकामं पिस्तूल भरलेलं म्हणून देताना आणि एक बाई ते भरलेलं म्हणून घेताना पाहत राहिलो. दोघांपैकी एकाच्याही चेहऱ्यावर कधी रेघ हलली नाही. पुढे माझी बदली धामणगाव बढ्याला झाली तेव्हा मी ती काडतुसं मालकांच्या हवाली केली. महिनाभराने त्यांचं पोस्टकार्ड आलं. 'काम झाले. शेतातल्या विहिरीत टाकली. तळ दिसत नाही, तरी विश्वास ठेवला.' खाली काकूंचा आशीर्वाद होता, त्यांच्याच अक्षरात. अक्षर वेडंवाकडं झालं होतं. ते दुसऱ्या कोणाकडून लिहून घ्यावं असं मालकांना वाटलं नव्हतं.

आता दोघंही नाहीत. आधी काकू गेल्या आणि वर्षाच्या आत मालक गेले. मला मेहकरला जायला जमलं नाही याचं वाईट वाटतं, आणि जमलं असतं तरी त्या दारात दिवेलागणीला उभं राहणं मला झेपलं नसतं. पुतण्याने ते पिस्तूल ठाण्यात जमा केलं असं कळलं. भरलेलं असताना पडलं तर त्याचा आतला खटका खरा ठरला असता की नाही, हे कोणालाच कधी कळलं नाही. कळायची वेळ त्या दोघांनी कधी येऊच दिली नाही.